बासीमचा दुष्काळ आणि मनिलाची छावणी

श्रद्धा, आशा व प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका दमात पाठ केले. श्रद्धेवर आपण वादविवाद करतो, प्रीतीवर प्रवचने ऐकतो; मधली आशा मात्र बहुधा पाठांतरातच राहून जाते. २०२५ हे पवित्र वर्ष ख्रिस्तसभेने ‘आशेचे यात्रेकरू’ या बोधवाक्याने साजरे केले, तेव्हा हा शब्द वर्षभर आपल्या कानांवर पडत राहिला. परंतु आशा म्हणजे नेमके काय आणि घोर संकटात ती माणसाला कशी सापडते, याचे उत्तर बोधवाक्यात मिळत नाही. ते कधी कधी इतिहासात मिळते. आणि इतिहासातही, जेथे आपण सहसा डोकावत नाही अशा एखाद्या कोपऱ्यात.

असा एक कोपरा म्हणजे वाशीम. वसई, मुंबई, पुणे येथल्या आपल्या वाचकांपैकी किती जणांनी ते गाव पाहिले असेल, शंकाच आहे. प्राचीन काळी ते वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते; ज्याच्या काळात अजिंठ्याची सुंदर लेणी कोरली गेली, तो हरिषेण याच शाखेचा राजा. इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासीम’ असे आढळते. १९०५ पर्यंत बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वाटले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला. आपल्या ख्रिस्तसभेच्या नकाशावर हा प्रदेश १८८७ पासून नागपूर धर्मप्रांतात व १९५५ पासून अमरावती धर्मप्रांतात मोडतो. येथे भव्य बॅसिलिका नाही, नवसाची मोठी यात्रा नाही. ख्रिस्ती कुटुंबे थोडी, तीही विखुरलेली. परंतु आशेविषयी बोलायचे तर या गावाजवळ सांगण्यासारखे बरेच आहे.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण म्हणत आलो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६०च्या दशकात, कापसाला जो भाव आला त्याने ही म्हण अधिकच पक्की केली. वऱ्हाडात दुष्काळ यायचा नाही, ही समजूत सरकारदरबारीही रूढ होती. परंतु वऱ्हाड एकजिनसी नाही. पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सखल खोरे म्हणजे पायनघाट. त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढून गेले की बालाघाट लागतो. बासीम या वरच्या अंगाला आहे. येथील जमीन अनेक ठिकाणी हलकी, आणि आगगाडी तर त्या काळी आलेलीच नव्हती. सर्वांत जवळचे मोठे स्टेशन म्हणजे अकोला. तेथून बैलगाडीने ऐंशीएक किलोमीटरची वाट आणि मध्ये घाट. बैल जगले तर गाडी चालणार, आणि चारा असेल तर बैल जगणार.

१८९६-९७ साली पहिला तडाखा बसला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९चा पावसाळा कोरडा गेला. त्या वर्षी हिंदुस्थानच्या मोठ्या भागात पाऊस रुसला होता. गुजरात-राजस्थानात तो काळ ‘छपनिया’ म्हणून आजही लोकांच्या स्मरणात आहे. बासीम जिल्ह्यात ज्वारी बुडाली, कापूस बुडाला. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाजारात धान्याचा दाणाही नव्हता म्हणून लोक मेले, असे नाही. पीकच नाही म्हणून निंदणी नाही, कापणी नाही, वेचणी नाही; म्हणून मजुराला मजुरी नाही; आणि नेमक्या त्याच वेळी ज्वारीचा भाव चढलेला. ज्याच्याजवळ शेत होते त्याने ते गहाण टाकले, ज्याच्याजवळ भांडी होती त्याने ती विकली. ज्याच्याजवळ केवळ दोन हात होते तो सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. तेथे पोहोचण्याइतके त्राण ज्यांच्या पायांत उरले नव्हते ते वाटेतच बसले. उन्हाळ्यात पाण्याचे साठे आटले, आणि मागोमाग पटकी आली.

१८९१च्या खानेसुमारीत बासीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,९८,१८१ होती. १९०१ साली ती ३,५३,४१० भरली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा अकरांहून अधिक घट. अख्ख्या वऱ्हाडाची घट शेकडा पाचच्या आसपास होती, यावरून बासीमवरील आघात किती मोठा होता ते ध्यानी यावे. ही सगळी तूट मृत्यूची नव्हे, हे मान्य. काही लोक परागंदा झाले. भुकेच्या वर्षांत पाळणेही कमी हलतात. तरीही चव्वेचाळीस हजार माणसांची ती तूट आहे.

आणि ही माणसे मेली कशाने? गावोगावच्या मृत्यूच्या नोंदींत रकाने ठरलेले असत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार. भूक नावाचा रकाना नव्हता. सहा महिने पाला आणि कंदमुळे खाऊन ज्याचे आतडे निकामी झाले तो ‘पोटाच्या विकारा’त गेला, उपाशीपोटी ज्याला हिवताप पेलला नाही तो ‘तापा’त गेला. नोंद करणारा खोटे लिहीत होता असे म्हणता येणार नाही. खरे लिहिण्यासाठी त्याच्यासमोरच्या कागदावर जागाच नव्हती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

या दुष्काळाच्या वेळी वऱ्हाडात ख्रिस्ती मिशने होती. बासीमला अमेरिकन मेथडिस्ट होते; अकोला-खामगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम चालू होते. अनाथ मुलांना त्यांनी आसरा दिला. आपले कॅथलिक मिशन नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंकडे होते, आणि त्यांचा विस्तार अफाट : मध्य प्रांत, वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याचा मराठवाडा. घोगरगावच्या बाजूला फादर गुरियन जाकिये यांच्यासारखा फ्रेंच धर्मगुरू खेड्यातील माणसांत माणूस होऊन राहिला होता. नागपूरचे महागुरुस्वामी शार्ल फेलिक्स पेल्व्हा हे दुष्काळाच्या ऐन वर्षात, जुलै १९०० मध्ये, देवाघरी गेले. बासीमपुरते मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे : तेथे भुकेल्यांच्या दारात प्रथम उभे राहिले ते आपले प्रोटेस्टंट बंधू. हे सांगताना कॅथलिक लेखणीने अडखळण्याचे कारण नाही. ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या १९६४च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याने विभक्त बंधूंमधील ख्रिस्ती सद्गुण आनंदाने मान्य करण्यास आपल्याला शिकवले आहे.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांविषयी एक टोमणा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. तो ऐकून आपण एक तर संतापतो किंवा खाली मान घालतो. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. त्या काळी हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला होता. लाला लजपत राय यांनी दुष्काळातील अनाथांसाठी आर्य समाजातर्फे स्वतः काम केले आणि १९०१च्या दुष्काळ आयोगासमोर साक्षही दिली. अनाथ मुले त्यांच्या समाजात परत जावीत, ती मिशनकडे सोपवण्याची घाई होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. तो अन्यायाचा नव्हता. आई-बाप गमावलेल्या चार वर्षांच्या मुलाने कोणता धर्म ‘निवडला’, असे विचारणेच व्यर्थ आहे. त्याने पेजेची वाटी निवडली. ज्यांनी ती वाटी पुढे केली त्यांच्या मनात दया आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ होती, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे आणि आपण ऐकून घेतले पाहिजे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. दुष्काळ ओसरला, १९०१ उजाडले, ज्वारी पुन्हा पिकली. तरी ती मुले काही एकाएकी मोठी झाली नव्हती. त्यांना पुढची दहा-पंधरा वर्षे वाढवावे लागणार होते : शिकवायचे, हाताला धंदा द्यायचा, लग्ने लावायची. मदतीच्या बातम्या थांबल्यानंतरची ही वर्षे. भाकरीच्या लोभाने आलेला माणूस भाकर स्वस्त झाल्यावर निघून जातो. आणि भाकरीच्या बदल्यात माणसे मिळवू पाहणाराही पुढच्या दुष्काळाच्या शोधात निघून जातो. वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या घराण्यांपासून उभा राहिला ती घराणी राहिली, आणि त्यांना सांभाळणारेही राहिले. तेव्हा टोमण्याला उत्तर द्यायचेच असेल तर ते १९०० सालात शोधू नये, १९१५ सालात शोधावे.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८७०च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात त्यांनी आपले आई-वडील गमावले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित; पण विद्या पोट भरू शकली नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकताच ही बाई पुण्याहून निघाली आणि निराधार मुलींना घेऊन परतली. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. पुढे १९०० साली गुजरातकडील मुलींसाठीही तिने तेच केले. रमाबाईंना भूक पुस्तकांतून ठाऊक नव्हती. पोटात काही नसताना माणसाचा देवावरील विश्वास कसा झिजतो, हे त्यांनी तरुण वयात अनुभवले होते. म्हणून त्या मुलींना त्यांनी आधी जेवण, मग अक्षर, मग हातचे काम दिले. आणि प्रार्थना या सर्वांच्या बरोबर चालू ठेवली.

आता वाशीमकडे परत येऊ. १९३०च्या दशकाच्या मध्यास मेथडिस्टांनी बासीमचे काम चर्च ऑफ द नॅझरीन या दुसऱ्या अमेरिकन मिशनकडे सोपवले. १९३६ साली ऑर्फा स्पायकर नावाची तरुण डॉक्टर भारतात आली आणि १९३८ साली मिशनच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत तिने दवाखाना उघडला. हेच पुढचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. या बाईंविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या कामात नाट्य नव्हते. अडलेल्या बाळंतिणी, हिवताप, सर्पदंश, विहिरीत पडलेली पोरे. आणि हे सारे जवळजवळ चार दशके. परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले आणि दुष्काळग्रस्तांच्या नातींच्या पिढीतील ख्रिस्ती मुलींना एक स्वाभिमानाचा व्यवसाय मिळाला. आजही महाराष्ट्रातील कित्येक रुग्णालयांत वऱ्हाडच्या ख्रिस्ती परिचारिका भेटतात. त्यांची मुळे विचारावीत.

या दवाखान्याला मदतीची निकड होती. १९४१ साली डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि त्यांच्या सहकारी जेराल्डिन चॅपेल या दोघी अमेरिकेहून भारतात येण्यासाठी निघाल्या. पॅसिफिक महासागर ओलांडून त्या फिलिपिन्सपर्यंत पोहोचल्या, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने त्या बेटांवर हल्ला केला. पुढचा प्रवास थांबला. २ जानेवारी १९४२ रोजी मनिला पडले आणि दोनच दिवसांनी शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना एका आवारात कोंडण्यास सुरुवात झाली.

ते आवार कोणते होते? सांतो तोमास विद्यापीठ! १६११ साली डॉमिनिकन संघाने स्थापिलेले, संत थॉमस अक्वायनस यांच्या नावाचे, आशिया खंडातील जुन्यात जुने कॅथलिक विद्यापीठ. जपान्यांनी त्याचे रूपांतर बंदिवानांच्या छावणीत केले. डॉमिनिकन धर्मगुरू आवाराच्या एका भागात राहत होते आणि वर्गखोल्यांतून हजारो अमेरिकन व ब्रिटिश स्त्री-पुरुष-मुले दाटीवाटीने झोपत होती. भारताच्या वाटेवरील दोन प्रोटेस्टंट स्त्रिया अशा रीतीने तीन वर्षे कॅथलिक छपराखाली राहिल्या. दैवयोग म्हणा वा ईश्वरी योजना. मला तो प्रसंग फार बोलका वाटतो.

सुरुवातीस छावणी बरी होती. लोकांनी आवारात झोपड्या उभारल्या, भाजीपाला लावला, मुलांच्या शाळा चालवल्या. १९४४ मध्ये मात्र जपानी लष्कराने कारभार हाती घेतला आणि शिधा घटत गेला. वर्षाच्या शेवटी माणशी रोजचा आहार हजार कॅलरींच्याही खाली गेला. तांदळाची पातळ पेज हेच मुख्य अन्न. माणसे वाळत गेली, पाय सुजले, वृद्ध पुरुष एकामागून एक दगावू लागले. छावणीतील डॉक्टरांपैकी थिओडोर स्टीव्हन्सन हे प्रेस्बिटेरियन मिशनरी मृत्यूचे दाखले लिहीत असत. त्यांनी मृत्यूचे कारण म्हणून उपासमार व कुपोषण असे स्पष्ट लिहिले. अधिकाऱ्यांनी ते शब्द काढून टाकण्याचा हुकूम केला. स्टीव्हन्सन यांनी नकार दिला आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यांना कोठडीत टाकण्यात आले.

बासीमच्या नोंदवहीत जो रकाना नव्हता, तो मनिलाच्या छावणीत एका डॉक्टरने स्वतःच्या हाताने आखला.

हे कृत्य आशेचे आहे, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. दाखल्यावरील शब्दाने मेलेला जिवंत होत नाही, उपाशी माणसाच्या ताटात एक दाणाही पडत नाही. परंतु ज्याने सर्व आशा सोडली तो कशाला भांडेल? तो दिलेल्या जागी सही करील आणि आपली पेजेची वाटी वाचवील. सत्य कोणीतरी, केव्हातरी वाचणार आहे, ते वाचणारा एक न्यायाधीश आहे, अशी ज्याची खात्री आहे तोच एका शब्दासाठी कोठडी पत्करतो. जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याची अशीच एक कथा आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात बंदिवान, नगर पडणार हे तोच सर्वांना सांगत असलेला. आणि नेमक्या त्या दिवसांत तो अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल चांदी तोलून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, कारण ते पुष्कळ दिवस टिकले पाहिजे. नगर पडणार, हे तो नाकारीत नाही. शेतही घेतो.

विटहॉफ आणि चॅपेल यांचे खरेदीखत म्हणजे वाशीम. ३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने छावणीचे फाटक फोडले तेव्हा आत सुमारे ३,७०० माणसे होती. या दोघींनी आपला अनुभव पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या बंदिवासानंतर मायदेशी विसावा घेऊन त्या तेथेच राहत्या, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु युद्ध संपल्यावर त्या पुन्हा निघाल्या आणि भारतात पोहोचल्या. डॉ. विटहॉफ वाशीमच्या दवाखान्यात स्पायकर यांच्या सोबतीला उभ्या राहिल्या. ज्या गावाने पन्नास वर्षांपूर्वी उपासमार पाहिली होती, तेथे उपासमार भोगून आलेली डॉक्टर रुजू झाली. मेळघाटापासून बालाघाटापर्यंत कुपोषित मूल डॉक्टरांना नवे नाही. पण सुजलेले पाय पाहून स्वतःचे पाय आठवणारा डॉक्टर विरळा.

या इतिहासाला एक ताजी पुरवणी आहे. ती मी टाळू शकत नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत वाशीम होता. या आत्महत्यांची चौकशी होते आणि प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. जमीन मृताच्या नावे हवी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा हवा. वडिलांच्या नावावरील शेत कसणारा मुलगा, बटाईने करणारा, सातबारावर नाव नसलेली स्त्री हे अपात्र ठरू शकतात. नियम करणाऱ्यांचीही अडचण असेल. सरकारी पैसा निकषांवाचून वाटता येत नाही. तरीही ‘अपात्र’ हा शब्द ज्या घरात जातो त्या घरात तो मृत्यूच्या पाठोपाठ दुसरा मृत्यू होऊन जातो. पुन्हा तोच रकान्याचा प्रश्न.

आणि येथे आपल्या ख्रिस्तसभेनेही आपली जुनी वही तपासली आहे. १९१७च्या धर्मसंहितेप्रमाणे हेतुपुरस्सर जीव देणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. आपल्यातील वयस्कर मंडळींना दफनभूमीच्या कुंपणाबाहेरची ती एकाकी थडगी आठवत असतील. १९८३च्या नव्या संहितेतून ती बंदी वगळण्यात आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने आत्महत्या हे गंभीर पाप असल्याचे सांगतानाच, तीव्र मनोव्यथा, भय वा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही सांगितले. अशा माणसांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, देव केवळ त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, अशी आज आपली शिकवण आहे. ज्याची आशा संपली त्याच्या वाट्याची आशा ख्रिस्तसभेने आपल्याजवळ ठेवून घेतली, असा त्याचा अर्थ मी करतो. ही शिकवण आपल्या कुटुंबांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. अजूनही अशा घरी जाताना शेजारी दबकतात आणि कारण विचारू नये म्हणून नावही घेत नाहीत.

२ नोव्हेंबरला आपण मृत भाविकांचे स्मरण करतो. वाशीमकडे त्या सुमारास सोयाबीन बाजारात गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी चालू असते, आणि वर्षभराच्या उधारीचा हिशेब त्याच दिवसांत होतो. त्या दिवशीच्या मिस्सेसाठी आपण आपापल्या दिवंगतांची नावे चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठीवर मृत्यूचे कारण लिहायचे नसते.